मोजा

पहिल्या दिवशी तिने तारेचं टोक साच्यात अडकवलं,
हँडलवर हात ठेवला आणि म्हणाली, "मोजा."
मला वाटलं, मलाच सांगतेय.
चांगलं वळण आहे पोरीला, अहो-जाहो करते,
मराठी कुठून उचलली कोण जाणे.
मी मोजू लागले.
ती तिच्या भाषेत, मी माझ्या,
आणि साठ-बासष्टच्या आसपास कुठेतरी
दोघी एकमेकींत गुंतलो.

तिच्याकडे मोजा म्हणजे एक.
एवढंच.

दांडिया बाजारात आमचं घोरपडे वाइंडिंग वर्क्स.
गिऱ्हाईक अजून आत डोकावून विचारतात, "शेठ क्यां छे?"
मी म्हणते, समोर.
कॉलेजच्या पत्रावरही 'श्री. कुमुदभाई' असंच होतं,
सहा आठवड्यांचं ट्रेनिंग, खाली गोल शिक्का,
आणि पत्र धरून उभी अतुपेले,
टांझानियातल्या तुकुयूची, डिप्लोमा, दुसरं वर्ष.

म्हटलं, शिकून ऑफिसात बसशील, जळक्या मोटारी कशाला?
तिची बाजारातली गुजराती आणि माझी मोडकी हिंदी,
त्यातून हळूहळू कळलं ते असं:
गावच्या गिरणीची मोटर जळली
की ट्रकवर चढून म्बेयाला जाते.
चार दिवस बायका मका घेऊन येतात,
कुलूप बघतात, मका घेऊन परत जातात.
"त्या रस्त्यात मधेच बसायचंय मला.
एक टेबल, एक दिवा.
छप्पर नंतर बघू."

छिन्नीने जुनं तांबं तोडायला शिकली,
खाचांत कागद बसवायला,
बांबूच्या पट्टीने तार दाबायला, नख न लावता.
व्हार्निशचा वास तिला आवडायचा.
मला तो चाळीस वर्षांत आवडलेला नाही.

नवव्या दिवशी एक मोटर परत आली,
तापलेली, गुरगुरणारी.
उघडली तर एका कॉइलला आठ वेढे कमी.
तीच ती, दोघींनी मिळून मोजलेली.
मी म्हटलं, जाऊ दे.
तिने वही काढली.
तांब्याचे पैसे: अर्धे तुमचे, अर्धे माझे.
मी चिडले. शिकाऊ पोरीकडून कोण घेतं?
"शिकाऊ पोरीला पगार देणार आहात ना?" ती म्हणाली,
"मग घ्या."

शेवटच्या शनिवारी पाकीट दिलं,
वर चिकटवलेला रुपया.
अंगठा जिभेला लावून तिने माझ्यासमोर नोटा मोजल्या,
रुपया सोडवून परत केला.
जास्त आहे.
म्हटलं, तो असतोच गं वरचा. शुभ असतो.
तिने वही उघडलेलीच होती:
"कुठल्या रकान्यात लिहू?"
इतकी वर्षं तो रुपया देतेय, घेतेय,
कुठल्या रकान्यात?

"आईला पाठवणार असशील," मी विचारलं.
"आई म्हणाली, आधी हत्यार."
संध्याकाळी मायक्रोमीटर घेऊन आली,
निळ्या मखमलीच्या डबीत, दागिना असावा तसा.
केसाची जाडी मोजली आधी स्वतःच्या,
मग माझ्या.
माझा बारीक निघाला.

रात्री शटर ओढताना मला आपलं आठवत राहिलं,
माझ्या पहिल्या पगाराचं मी काय केलं होतं?
बरंच आठवलं. बाबांची खाकी टोपी,
गल्ल्याची किल्ली, ती त्यांच्या जानव्याला.
पगार नाही आठवला.
नव्हताच.
घरचीच होते ना मी.

आता ती गेलीय, आणि सवय राहिलीय.
हँडलला हात लागला की तोंडातून जातंच.
काल पाणीपंपवाले रमणभाई काउंटरशी उभे होते,
माझं आपलं चाललेलं: "मोजा..."
दुकानात दुसरं कोणी नव्हतं.
त्यांची मराठी तशी बरी आहे.
गुपचूप खिशात हात घातला,
मागच्या महिन्याची थकबाकी काढली,
आणि मोजली.